कवापासनं वरडतंय?

“कवापासनं वरडतंय हे?” मिस्त्रीनं विचारलं आणि आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिघं म्हणजे महिन्यातले वीस-बावीस दिवस आमच्या ट्रकच्या केबिनमध्येच जेवणारा-झोपणारा माझा धाकटा भाऊ, एकतीस वर्षं ट्रक चालवून आता गुडघे धरून बसलेले आण्णा, आणि पुण्यात बसून गाडीचा हप्ता, विमा, पासिंग, टायर असा सगळा हिशोब ठेवणारी मी. एका गाडीला तीन माणसं, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटी भाऊच म्हणाला, “झाले असतील आठ-पंधरा दिवस.” मिस्त्रीनं पॉवरच्या, म्हणजे पॉवर स्टेअरिंगच्या, तेलाच्या टाकीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून बघितलं आणि मान वर न करताच म्हणाला, “आठ-पंधरा दिसाचं न्हवं हे काम.” आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. डॉक्टर विचारतात ना, ताप कधीपासून आहे, तसं. तरी ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आवाज मी त्याआधी दोन दिवस ऐकला होता. दिवाळीसाठी गावी निघाले होते आणि भाऊ वाशीच्या मार्केटला आल्याची पोती उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. कात्रजच्या पुढे त्यानं मला उचललं. रिकाम्या ट्रकमध्ये बसायची मला लहानपणापासून हौस. मागचा हौदा खडखडतो, साखळ्या आपटतात, बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. खंबाटकीचा घाट चढायला लागल्यावर त्या सगळ्या खडखडाटाच्या खालून एक वेगळा आवाज यायला लागला. घूंऽऽ असा, जड, नाकातून निघाल्यासारखा. वळण आलं, भावानं स्टेअरिंग फिरवायला घेतलं की तो चढायचा. खुंटीला बांधलेलं रेडकू ओढल्यावर ओरडतं तसा. गाडी सरळ झाली की पुन्हा खाली जायचा. गंमत म्हणजे प्रत्येक वळणाआधी भावाचा डावा हात गाण्याच्या आवाजाच्या बटणाकडे जात होता. त्याच्याही नकळत. वळण, बटण, वळण, बटण. मी विचारलं, “कसला रे आवाज?” “पॉवरचा. येतोच तो.” मीही पुढे काही विचारलं नाही. घाटमाथ्यावर गार वारा लागला, मी खिडकीला डोकं टेकून झोपले.

पकडलं ते आण्णांनी. आणि आण्णांना तर डाव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यांच्या जुन्या टाटा १२१० ट्रकमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला मांडी लावून असायचं, वर एक पत्र्याचा डोम आणि त्यावर जुनं ब्लँकेट. तीन दशकं तो कान इंजिनाला दिला. त्या दिवशी भावानं गाडी अंगणात लावून चालूच ठेवली होती, टेपमधून पेनड्राइव्ह काढायचा होता म्हणून. आण्णा काठी टेकत आले, पायरीवर एक पाय ठेवून कसेबसे वर चढले आणि सवयीनं स्टेअरिंगला हात लावला. अर्धी फेरी इकडे, अर्धी तिकडे. मग हात तसाच चाकावर ठेवून थोडा वेळ उभे राहिले. देवळात घंटा वाजवून झाल्यावर माणसं तिच्यावर तळवा ठेवतात, तसे.

“ह्यात हवा आहे,” म्हणाले.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे साताऱ्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडला लागून एक पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे तेलानं काळी झालेली, सिमेंटसारखी घट्ट बसलेली माती. दोन पोरं हाताखाली. शेडच्या खांबाला एक आरसा आणि कंगवा टांगलेला. त्यानं आधी हत्याराला हातच लावला नाही. टाकीत बोट घातलं ते सांगितलंच. पॉवरचं तेल लालभडक असतं, डाळिंबाच्या रसासारखं. आमचं बाहेर आलं ते फेसाळ गुलाबी, थेट सोलकढी. मग झाकण उघडंच ठेवून त्यानं भावाला गाडी चालू करायला लावली, तेल कुठवर आहे ते टाकीवर नखानं खूण करून ठेवलं आणि ओरडला, “बंद कर.” इंजिन थांबलं आणि तेल आपोआप वर चढायला लागलं. दोन बोटं चढलं, कडेवरून उतू गेलं, खालच्या चॅसीवर ओघळलं. दुधाखालचा गॅस बंद केल्यावर दूध वर येतं का कधी? इथे आलं. मिस्त्रीनं मला बोलावून दाखवलं, कारण मी फोटो काढत होते आणि त्याला बहुधा वाटलं, ही शिकलेली आहे, हिला समजावून सांगावं. गाडी चालू असते तोवर आतली हवा दाबाखाली चेपून बसलेली असते. दाब गेला की ती फुगते, आणि जागा हवी म्हणून तेलाला वर ढकलते. तेल चेपत नाही, हवा चेपते, सगळा घोळ एवढाच. टायरमध्ये सात-आठ बार दाब असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवताना त्या बारीक पाईपमधून शंभर बारच्या वर जातो. त्यात बुडबुडा सापडला की तो पंपात फुटतो, आणि फुटताना पोलादाला टोचा मारून जातो. असे हजारो, सेकंदासेकंदाला. आपण ऐकतो ते घूंऽऽ म्हणजे त्या टोच्यांची बेरीज.

आता हवा शिरते कुठून? मला वाटलं, जिथून तेल गळतंय तिथून. टाकीभोवती तेल होतंच. भाऊही तेच समजून चालला होता; तेल कमी दिसलं की अर्धा लिटर ओतायचा, ते फेसाळून झाकणातून बाहेर यायचं, त्याला वाटायचं गळती आहे, मग पुन्हा अर्धा लिटर. मिस्त्री हसला. टाकीपासून पंपापर्यंत जो जाड, मऊ पाईप जातो, तो तेल ओढणारा. त्याच्या पुढचे सगळे ढकलणारे. ढकलणाऱ्या पाईपला भोक पडलं तर तेल उडतं, डाग पडतो, आंधळ्यालाही सापडतं. ओढणाऱ्याला पडलं तर गाडी चालू असताना तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. डाग नाही, थेंब नाही. “वरनं कोरडंठाक असतंय, ताई. कोरडं दिसतंय म्हणून कुणी हात लावत न्हाय.” या गाडीत पंप इंजिनाच्या गिअरवरच फिरतो, म्हणजे पट्टा ढिला झालाय असं म्हणून सुटायचीही सोय नव्हती.

त्यानं बोटभर ग्रीस घेतलं, गाडी चालू ठेवूनच पाईपच्या पंपाकडच्या सांध्याभोवती जाड थापलं आणि हात पुसत उभा राहिला. आम्ही ऐकत होतो. पंधरा-वीस सेकंद तसंच. मग आवाज बसला. थांबला नाही, बसला; घोगरा झाला, मग पातळ. आण्णा बाकड्यावर होते, त्यांना तो फरक ऐकू आला असेल असं मला वाटत नाही, पण मिस्त्रीनं काय थापलं ते त्यांनी बघितलं होतं. मोठ्यानं म्हणाले, “आमी शेण लावायचो.”

आणि मला विहीर आठवली. तीन हॉर्सची मोटर, वीज रात्री अकराला यायची, आणि तेवढ्यात मोटर हवा धरायची. तळाच्या फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. लहानपणी मला खरंच वाटायचं की विहिरीच्या तळाशी एक चेंडू आहे आणि त्याच्यात कचरा अडकला की पाणी येत नाही. फुटबॉल ठीक असला तरी ओढणाऱ्या पाईपचा सांधा कुठेतरी सुटलेला असायचा. मोटर नुसती किंचाळायची, पाटात पाणी नाही. मग आण्णा बादलीनं पंपात पाणी भरायचे, मी बॅटरी धरायची, आणि आई गोठ्यातून ताजं शेण आणायची. सुतळी गुंडाळायची, वर शेणाचा लेप. अंधारात तो गरम, गवताचा वास. लेप बसला की मोटरचा सूर बदलायचा, आणि पाणी यायच्या आधी आम्हाला सुरावरूनच कळायचं की आता येतंय. पाईपच्या तोंडातून आधी थुंकल्यासारखं फस्स, फस्स, मग एकदम जाड धार. तेव्हा कुणाला विचारावं लागत नव्हतं, कधीपासून ओरडतंय म्हणून. ती ओरडली की सगळं घर अंथरुणातून उठायचं.

ग्रीस ही नुसती परीक्षा होती. पाईप काढला तेव्हा मिस्त्रीनं तो दोन बोटांत दाबून दाखवला, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी आतली साल सुटून आली. क्लिप इतकी आवळली होती की रबरात रुतून एक खाच पडली होती. आवाज आला की आवळ, पुन्हा आला की पुन्हा आवळ, असं कुणीतरी केलेलं. “हा पाण्याचा पाईप हाय,” तो म्हणाला. “रेडिएटरचा. गरम तेलात ह्यो फुगतो, मऊ पडतो. कुणी बसिवला?” भाऊ क्षणभर थांबला. मग म्हणाला, “पनवेलजवळ. रात्रीचं दुसरं काही मिळालं नाही.” मिस्त्रीनं पाईप कोपऱ्यात भिरकावला. टाकीतला फिल्टर काढून उलटा केला आणि चिमटीत जे आलं ते उन्हात धरलं. रांगोळीतली चमकी असते ना, तशी बारीक चकचक. पंपाची. “एवढं गेलंय. आणखी किती गेलंय ते पंपच सांगंल, म्हैन्याभरानं.” पंपाची किंमत मी मनातल्या मनात वहीत लिहून खोडली.

हवा काढायचं काम मला वाटलं होतं त्याहून फार शांत निघालं. डिझेल संपून गाडीनं एअर धरली की काय धावपळ असते ते मी पाहिलं आहे. बोल्ट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा, डिझेल थुंकत बाहेर येतं, शिव्या, हात लाल. इथे तसं काही नाही. जुनं तेल परतीच्या पाईपातून डब्यात सोडलं. नवा पाईप, नव्या दोन क्लिपा, नवा फिल्टर. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे, दोन्ही चाकं अधांतरी. इंजिन बंद. भाऊ वर बसून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा, आणि मी टाकीशी उभी राहून तेल ओतत राहायची. पातळी खाली गेली की पुन्हा हवा ओढली जाणार, म्हणजे केलेलं सगळं वाया. एका फेरीला टाकीत मोठे बुडबुडे आले, ढेकर दिल्यासारखे. पाचव्या-सहाव्या फेरीला वाटाण्याएवढे. मग मोहरीएवढे. मिस्त्री फेऱ्या मोजत नव्हता, बुडबुड्यांकडे बघत होता. मी मोजत होते, बावीस झाल्या. भावाचा शर्ट पाठीला चिकटला होता. इंजिन बंद असताना, चाकं हवेत असतानाही ते चाक जडच असतं, आणि आण्णा बाकड्यावरून बघत होते. त्यांची १२१० पॉवरशिवायची होती. भरलेली गाडी जागेवर वळवायची म्हणजे उभं राहून चाकाला लोंबकळायचं. खांदे त्यातच गेले. रात्री मी सहज वाचायला घेतलं तर कळलं, फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं हे पॉवर स्टेअरिंग १९२६ मध्ये चालवून दाखवलं होतं, आणि तो आधी पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता, म्हणजे ट्रकवाल्यांचे हात बघूनच त्याला ते सुचलं असणार. बाजारातल्या मोटारगाडीत ते यायला १९५१ उजाडलं. आण्णांच्या हातात आलंच नाही. ते सांगितलं तर म्हणाले, “बरं झालं. मला हवा कशी कळली असती?” याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

मग इंजिन चालू, तेही नुसतं मंद. पुन्हा या टोकाला, त्या टोकाला. “टोकाला दाबून धरू नगं. टेकलं की सोड.” टोकाला एक चीं असा आवाज आला, मी दचकले, पण तो चालतो म्हणे, दाब जास्त झाला की आतला व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. तिथे धरून ठेवलं तर मात्र तेल तापतं. कुठला आवाज काळजीचा आणि कुठला नाही, हे शिकायला या माणसाला किती वर्षं लागली असतील, असा मी विचार करत होते, तेवढ्यात भावानं वरून विचारलं, “झालं का? मला पाचला लोड भरायचाय.” तेल अजून किंचित धुरकट होतं. बुडबुडे दिसत नव्हते, पण उन्हाकडे बघितलं तर लाल रंगात दुधाचा एक थेंब पडल्यासारखं. तेलात थोडी हवा विरघळलेली असतेच, साध्या दाबाला आकारमानाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास, ती निरुपद्रवी. ही न विरघळलेली, बारीक, हट्टी. तिला हलवून काढता येत नाही. मिस्त्री म्हणाला, “आजची रात ऱ्हाऊ दे. हवा आपल्या पायानं वर येती.” भावानं कपाळाला हात लावला. आलंवाल्या शेतकऱ्याला फोन झाला, थोडी बोलाचाली झाली, आण्णा मध्ये पडले. गाडी तिथेच राहिली, नाक वर करून, ठोकळ्यांवर.

रात्री मला झोप येईना. तोच प्रश्न. हिशोबाच्या वहीत उत्तर सापडेल असं वाटून मी ती उघडली. ‘पॉवर ऑईल अर्धा लि.’ माझ्याच अक्षरात, दसऱ्याच्या आधी एकदा, गणपतीत एकदा, श्रावणात दोनदा. चार नोंदी, चारही मी लिहिलेल्या, एकदाही विचारलं नव्हतं की हे तेल जातंय कुठे. पण वहीत आवाज नसतो. मग सुचलं, फोनमध्ये असतो. भाऊ वाशीला पोचला की टाइप करत नाही. गाडी आत लावता लावता आवाज भरून पाठवतो. “ताई, पोचलो गं. गाडी लावतोय. पावती सकाळी.” दर खेपेला तेच. सहा सेकंद, आठ सेकंद. मी ते कधी शेवटपर्यंत ऐकतही नाही. ‘पोचलो’ ऐकलं की बास. आता कानात हेडफोन घालून एकेक मागे जायला लागले. आणि गाडी लावताना स्टेअरिंग तर भरपूर फिरतं. दिवाळीच्या आधीच्यात घूंऽऽ स्पष्ट, त्याच्या बोलण्याच्या वर. सप्टेंबरमध्ये आहे. ऑगस्टमध्ये आहे, मागे पाऊस पत्र्यावर वाजतोय तरी आहे. १३ जुलैच्या निरोपात ‘पावती सकाळी’च्या मागे, अगदी बारीक. ४ जुलैच्या निरोपात नाही. पुन्हा ऐकलं. नाही. हमालांचा आरडाओरडा आहे, कुणाचा तरी हॉर्न आहे, गाडी गप्प आहे.

दोन्हींच्या मध्ये एक फोटो होता. ११ जुलै, दुपारी सव्वाबारा. वर्तमानपत्रावर ठेवलेले दोन काळे पाईप. खाली त्याचा निरोप: ‘ताई जुना पाझरतोय. ओरिजनल ११५०, दुसरा ३८०. दुकानदार सेम म्हणतोय. कुठला घेऊ?’ त्याखाली माझा: ‘सेम आहे तर ३८० चाच घे.’ आणि वर उचललेला एक अंगठा.

पनवेल नाही, रात्र नाही. दुपारी सव्वाबारा, आणि बहुतेक साताऱ्यातलंच दुकान. पलीकडच्या खोलीत भाऊ घोरत होता. उठवून काही म्हणावं असं दोनदा वाटलं. काय म्हणणार होते कुणास ठाऊक. सकाळी चहा पिताना तो म्हणाला, “पाईपचे अकराशे वीस झाले, लिही,” आणि मी लिहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

गॅरेजवर तेल रात्रीतून स्वच्छ झालं होतं. लाल, आरपार. मिस्त्रीनं दोन बोटं तेल आणखी घातलं, झाकण लावलं, गाडी खाली उतरवली. आण्णांनी पुन्हा पायरीवर पाय ठेवून चाकाला हात लावला आणि काही न बोलता उतरले. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मिस्त्रीला बरोबर लागला असावा, कारण त्यानं पैसे घेतले.

काल रात्री पावणेदोनला वाशीहून निरोप आला. नेहमीपेक्षा लांब, बावीस सेकंद. “ताई, पोचलो. गाडी लावतोय. ऐक.” आणि मग तो बोलायचा थांबला आहे. इंजिन चालू आहे, कुणीतरी लांबून “घ्या, घ्या, घ्या” म्हणतंय, गाडी मागे येतेय, चाकं वळताना खडी करकरतेय. मी तीनदा ऐकलं. घूंऽऽ नाही. शेवटच्या चार-पाच सेकंदांत, स्टेअरिंग पूर्ण कापलं असावं तिथे, काहीतरी आहे. ती टोकाची चीं असेल, पंप असेल, नाहीतर मागे त्याचं ते गाणं चालू आहे त्यातलंच काही. मी त्याला लिहिलं, ‘परत एकदा पाठव. गाणं बंद करून.’